ऊन तापलं की फ्युएल प्रेशर पडते आणि इंजिन गचके खाते: तीन उन्हाळे मागं लागलेली भानगड

आम्ही स्वतः बांधलेल्या छोट्या विमानाच्या इंजिनाची ही भानगड. आधी लक्षण नीट सांगतो, म्हणजे ज्याला हेच दिसून राहिलं असेल त्याला लगेच ओळखू येईल. सकाळी पहिलं स्टार्ट झकास, टॅक्सी म्हणजे विमान जमिनीवर चालवणं, तेही झकास, फुल थ्रॉटलवर दोन मिनिटं धरलं तरी फ्युएल प्रेशरचा काटा 0.3 बारवर खिळलेला. मग इंजिन बंद करून दहा-पंधरा मिनिटं उभं ठेवलं, तोवर ऊन वर आलं, परत स्टार्ट केलं तर आयडलला काहीच कळत नाही, पण थ्रॉटल पूर्ण उघडलं की चाळीस-पन्नास सेकंदात काटा 0.2 वर, मग 0.15 च्याही खाली, आणि इंजिन गचके खायला लागते. थ्रॉटल मागं घेतलं की परत शहाण्यासारखं चालते. चाळीस-पन्नास सेकंद म्हणजे काय ते सांगतो, तेवढ्या वेळात विमान धुऱ्यावरच्या बाभळी ओलांडून दोन-तीनशे फुटावर असते, खाली पऱ्हाटीचं वावर आणि समोर विजेच्या तारा. म्हणून ही भानगड किरकोळ समजू नका.

आमचं विमान दोन सीटचं, स्टीलच्या नळ्यांचा सांगाडा, पंखाला कापड, इंजिन रोटॅक्स 912 यूएल म्हणजे 80 हॉर्सपॉवरवालं. वर्धा-यवतमाळ पट्ट्यात वावरातल्या टिनाच्या शेडमध्ये बांधलं, शेजारी काळ्या मातीवर मुरूम टाकून दाबलेली पट्टी आहे. चारकोपच्या गच्चीवर विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव यांच्या विमानाला 2017 मध्ये व्हीटी-एनएमडी ही नोंदणी मिळाली ना, ती बातमी वाचून मी विमान बांधायचे नकाशे मागवले होते. आमचं कागदपत्रांचं काम चालू आहे, परवानगी हाती येईपर्यंत चाक जमिनीवरच राहील, त्यामुळं खाली लिहिलेलं सगळं ग्राउंड रन आणि टॅक्सीवरचं आहे. आणि हे जमिनीवरच सापडलं याचं मला खरोखर बरं वाटते.

टाकी अल्युमिनियमची, 60 लिटर, सीटच्या मागं खाली. म्हणजे पेट्रोल वरून उतरत नाही, इंजिनाला ते ओढून घ्यावं लागते, आणि मूळ दुखणं इथूनच चालू होते. नकाशात इलेक्ट्रिक पंप टाकीजवळ सीटखाली दाखवला होता. मी तो उचलून फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि बसायची जागा यांच्या मधल्या पत्र्यावर नेला, कारण तिथं हात पोचते, फिल्टर बदलायला सोपं पडते. दुसरा बदल मी असा केला की रिटर्न लाइन म्हणजे जास्तीचं पेट्रोल परत नेणारी नळी टाकीपर्यंत मागं नेण्याऐवजी पंपाच्या आधी टी म्हणजे तीन तोंडाचा जोड टाकून सक्शनच्या नळीतच जोडली, दोन मीटर होज वाचला. हे दोन्ही बदल माझे, नकाशा बनवणाऱ्याचा यात काही दोष नाही.

पहिल्या उन्हाळ्यात म्हणजे 2023 मध्ये मी फिल्टर बदलला आणि विषय संपला असं धरून चाललो. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. मग कार्बोरेटर उघडले. या इंजिनावर दोन बिंग 64 असतात आणि त्यांचे फ्लोट म्हणजे आत पेट्रोलवर तरंगणारे तुकडे पेट्रोल पिऊन जड होतात ही माहीत असलेली तक्रार आहे, एका कार्बोरेटरच्या दोन फ्लोटचं मिळून वजन 7 ग्रॅमच्या वर जायला नको. ते मोजायला गावातल्या सोनाराकडं गेलो. त्यानं सोन्याच्या काट्यावर फ्लोट ठेवले, एक जोडी 6.8 भरली, दुसरी 7.6. म्हटलं सापडला चोर. नवीन फ्लोट टाकले, इंजिन चाललं, महिनाभर खुश. जड फ्लोट बदलायलाच पाहिजे होते, त्यात वाद नाही, पण ते दुखणं वेगळं होतं. जड फ्लोटनं कार्बोरेटर भरून वाहते, मिश्रणात पेट्रोल जास्त होते, त्यानं फ्युएल प्रेशर पडत नाही. हे मला तेव्हाच लक्षात यायला पाहिजे होतं. 2024 च्या उन्हाळ्यात इंजिनावरचा मेकॅनिकल पंप बदलला, त्याचे पैसे लागले, आणि मे महिन्यात पुन्हा काटा 0.15 च्या खाली.

मग एक दिवस रनची वही घेऊन बसलो. माझा पोरगा दर रनला वेळ, तापमान, प्रेशर, आरपीएम लिहून ठेवते, त्यामुळं हे शक्य झालं. वहीत जिथं जिथं "ओके" लिहिलं होतं ते सगळे रन सकाळी सहा ते साडेसातचे, आणि जिथं बिघाड तिथं वेळ साडेदहाच्या पुढची. म्हणजे मी दर वेळी काहीतरी बदलत होतो, दुसऱ्या दिवशी पहाटे गारव्यात तपासत होतो आणि पास झालं म्हणत होतो. आपल्याकडं एप्रिलमध्ये पहाटे 26 डिग्री आणि दुपारी 43, इतका फरक असताना पहाटेची टेस्ट काय सांगणार. दुरुस्ती ज्या वेळेला बिघाड येते त्याच वेळेला तपासायची, हे मी तेव्हापासून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं.

आता हे होते काहून ते पाहू. पेट्रोल हे एकच द्रव नाही, त्यातला हलका भाग 35-40 डिग्रीलाच उकळायला लागते. त्यावर नळीत ओढ म्हणजे सक्शन असलं की दाब कमी होते आणि उकळणं आणखी लवकर होते. पंपात वाफ आली की पंप वाफच दाबत बसते, पेट्रोल पुढं जात नाही. इंजिन चालू असताना काउलिंगमधून म्हणजे इंजिनावरच्या झाकणातून वारा जाते, बंद केलं की वारा थांबते पण सिलेंडर आणि एक्झॉस्टचा ताप तिथंच राहते, म्हणून बंद केल्यानंतरची पहिली दहा-पंधरा मिनिटं सगळ्यात वाईट. ज्यांच्याकडं जुनी मोटारगाडी होती त्यांनी उन्हाळ्यात पंपावर ओलं फडकं टाकलेलं पाहिलं असेल, ते हेच.

पण आमच्या शेजारी डिझेल पंपाचं काम करणारे एक काका आहेत, त्यांचं मत वेगळं होतं. ते म्हणाले, "बाबू, वाफ गीफ काई नाई, हे हवा घेऊन राह्यलं, ट्रॅक्टर घेते तशी." आणि त्यांचं म्हणणं टाकून देण्यासारखं नव्हतं, कारण सक्शनच्या बाजूला बारीक छिद्र असलं तर पेट्रोल बाहेर गळत नाही, हवा आत शिरते, आणि काट्यावर दोन्ही सारखंच दिसते. म्हणून दोघांनी मिळून एकेक करून तपासायचं ठरवलं.

पुढचं करण्याआधी हे वाचा. विमानाची शेपटी आम्ही कडुनिंबाच्या बुंध्याला दोन दोरांनी बांधतो, चाकाला दोन्हीकडून लाकडी ठोकळे, एक माणूस अग्निशामक सिलेंडर घेऊन उभा, आणि प्रोपेलरच्या रेषेत कोणीच नाही, बघायला आलेली पोरं तर शेडच्या मागं. पेट्रोल धातूच्या डब्यात घ्यायचं आणि डबा विमानाच्या सांगाड्याला तारेनं जोडायचा, उन्हाळ्यातल्या कोरड्या हवेत स्टॅटिकची ठिणगी पडायला वेळ लागत नाही.

पहिली टेस्ट पारदर्शक नळीची. पेट्रोल सहन करणारी पॉलियुरेथेनची पारदर्शक नळी घेऊन वीतभर तुकडा इलेक्ट्रिक पंपाच्या आधी आणि तेवढाच नंतर जोडला, फक्त जमिनीवरच्या टेस्टसाठी, उडताना ही नळी अजिबात ठेवायची नाही. सकाळी सात वाजता फुल थ्रॉटल: नळी काचेसारखी साफ, एक बुडबुडा नाही. इथंच काकांचा मुद्दा अर्धा सुटला, कारण छिद्रातून हवा येत असती तर ती गारव्यातही आली असती. अकरा वाजता, बाहेर 42 डिग्री, आयडलला दहा मिनिटं तापवून पंधरा मिनिटं उभं ठेवलं आणि परत चालू केलं तर पंपाच्या आधीच्या नळीत साबुदाण्याएवढे बुडबुडे एकामागं एक, थ्रॉटल उघडलं की त्यांची माळ होऊन नुसता फेस. पोरगा कितीतरी वेळ त्या नळीकडंच बघत होता, काका पण गप्प झाले. लगेच पंपावर आणि नळीवर गार पाण्याचं फडकं टाकलं, प्रेशर वर आलं, दोन मिनिटं टिकलं, फडकं तापलं की पुन्हा पडलं.

दुसरी टेस्ट, आणि माझ्या मते सगळ्यात कामाची. विमानाची टाकी आणि तिची नळी पूर्ण बाजूला करायची, पेट्रोलचा डबा शिडीवर इंजिनापेक्षा उंच ठेवायचा आणि तिथून थेट पंपाला नळी द्यायची. त्याच उन्हात, तशाच तापलेल्या इंजिनावर फुल थ्रॉटल दिलं तर प्रेशर 0.3, तीन मिनिटं काटा हलला नाही. म्हणजे कार्बोरेटर ठीक, मेकॅनिकल पंप ठीक, दोन उन्हाळे मी जिथं पैसे घातले तिथं काहीच नव्हतं, दोष टाकी ते फायरवॉल या दोन मीटरमध्येच. ही टेस्ट अर्ध्या तासाची आहे, मी ती पहिल्याच वर्षी करायला पाहिजे होती.

तिसरी टेस्ट बाटलीची. या इंजिनाला टेकऑफ पॉवरला ताशी 24 लिटर पेट्रोल लागते. पंपावर चालणाऱ्या सिस्टिमला निदान 125 टक्के प्रवाह पाहिजे हा जुना चालत आलेला नियम आहे, वरून आपसूक उतरणारं असेल तर 150 टक्के. 24 चे 125 टक्के म्हणजे ताशी 30 लिटर, म्हणजे मिनिटाला बरोबर अर्धा लिटर. कार्बोरेटरची नळी काढून इलेक्ट्रिक पंपानं बाटलीत सोडायचं आणि घड्याळ लावायचं, बस. फक्त नाक चढणीच्या कोनात वर करा आणि टाकीत कमीत कमी पेट्रोल ठेवा, कारण अडचणीच्या वेळी विमान त्याच अवस्थेत असते. आम्हाला सकाळी मिनिटाला 780 मिली मिळालं, दुपारी 410, आणि तेही फेसाळ.

आता वाफ होते हे कळलं होतं, पण अर्ध्यावर प्रवाह येण्याइतकी का, हे अजून पटत नव्हतं. म्हणून सीटखालची नळी पूर्ण बाहेर काढली. बाहेरून एकदम चांगली, वाकवली तरी भेग नाही, तोंडानं फुंकलं तर हवा आरपार. काकांनी ब्लेडनं ती लांबीत चिरली, आणि आत पाहिलं तर आतला काळा थर ओल्या पापडासारखा मऊ झाला होता, बोटानं ओढला की मूळ नळीपासून सुटून यायचा, आणि एका जागी, टाकीपासून हातभर अंतरावर, तो जिभेसारखा सुटून आत लोंबत होता. ओढ कमी असली की ती जीभ भिंतीला चिकटून राहणार, ओढ वाढली की नळीच्या मधोमध येणार. उलटीकडून फुंकलं तर दाबली जाणार, म्हणून फुंकून काहीच कळलं नाही. अडथळ्याच्या पंपाकडच्या बाजूला दाब आणखी पडते आणि तापलेलं पेट्रोल तिथंच उकळते. म्हणजे नळी आणि ऊन, दोघं एकमेकाला मदत करत होते. वरून माझी रिटर्नची टी तेच गरम, वाफाळलेलं पेट्रोल परत पंपाच्या तोंडात आणून सोडत होती.

रबर असं का सडलं, तर पेट्रोलमुळं. 2023 च्या फेब्रुवारीत देशात ई20 म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल विकायला सुरुवात झाली आणि आता पंपावर जवळपास तेच मिळते. आमची नळी 2022 ची, साधी इंधनाची रबर नळी, इथेनॉलला सोसणारी नव्हती. आणि मुख्य म्हणजे रोटॅक्स 912 ला इथेनॉल 10 टक्क्यांपर्यंतच चालते, म्हणजे ई20 मुळात या इंजिनाचं इंधनच नाही. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलं की त्याचं वाफ होणं आणखी वाढते, म्हणजे उन्हाळ्यात दुहेरी मार. ज्यांच्या टाक्या फायबरग्लासच्या आहेत त्यांनी तर आजच टाकीत टॉर्च मारून पाहावं, काही रेझिन इथेनॉलनं मऊ होतात आणि त्याचा चिकट गाळ फिल्टरमध्ये येऊन बसते.

इथेनॉल किती आहे ते घरीच मोजता येते. फवारणीचं 100 मिलीचं उभं माप घ्या, पण कोरं, औषधाला वापरलेलं नको. त्यात 10 मिली पाणी, वर 80 मिली पेट्रोल, तोंड बंद करून हलवायचं आणि पाच मिनिटं ठेवायचं. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात उतरते, त्यामुळं खालचा थर वाढते. आमच्या मापात रेघ 10 वरून 25 च्या पुढं गेली. रेघ जागेवरच राहिली तर इथेनॉल नाही. काही जण याच रीतीनं सगळं पेट्रोल पाण्यानं धुऊन वापरतात, ते कृपा करून करू नका, इथेनॉलसोबत ऑक्टेन पण निघून जाते आणि राहिलेलं पाणी टाकीच्या बुडाशी जाऊन बसते.

आता आम्ही एव्हगॅस 100 एलएल म्हणजे विमानाचं पेट्रोल वापरून राहिलो. इंडियन ऑइलनं 2022 पासून ते देशातच बनवायला घेतलं, तरी खेड्यापर्यंत आणणं त्रासाचं आणि महागाचंच आहे. पण त्याचा वाफेचा दाब 38 ते 49 किलोपास्कलमध्येच राहते, गाडीच्या पेट्रोलचा त्याहून जास्त असते. त्यात शिसं असते म्हणून तेल दर 25 तासांनी बदलावं लागते आणि पूर्ण सिंथेटिक तेल टाळावं लागते. हा खर्च मी मान्य केला.

बाकी दुरुस्ती अशी. इलेक्ट्रिक पंप परत सीटखाली, टाकीच्या तळापेक्षा खालच्या पातळीला, म्हणजे आता तो ओढत नाही, ढकलते, आणि पुढची सगळी नळी दाबाखाली राहते. दाबाखालचं पेट्रोल सहजासहजी उकळत नाही. एकच बदल करायचा असेल तर हा करा. पंप निवडताना मात्र इंजिनाची 0.4 बारची वरची मर्यादा पाळा, गाडीचा इंजेक्शन पंप बसवला तर तो कार्बोरेटरची सुई उचलून पेट्रोल बाहेर ओतेल, आणि खाली गरम एक्झॉस्ट आहे. नळी टेफ्लॉनची घेतली, फायरवॉलच्या पुढं तिच्यावर फायरस्लीव्ह म्हणजे आगीपासून वाचवणारी बाही चढवली. रिटर्न थेट टाकीच्या वरच्या बाजूला नेली आणि त्यात 0.35 मिलिमीटर छिद्राचा जेट घातला, त्यातून थोडं पेट्रोल सतत फिरत राहते आणि वाफ टाकीकडं निघून जाते. तो जेट विसरू नका, नाहीतर सगळं पेट्रोल परतच जाईल. एक्झॉस्ट आणि कार्बोरेटरच्या मध्ये अल्युमिनियमचा पत्रा, पंपावर थंड हवेची एक नळी. आणि उभं करताना नाक वाऱ्याकडं, काउलिंगची खिडकी उघडी.

हे सगळं झाल्यावर एकदा पुन्हा प्रेशर पडलं आणि मी घाबरलोच, पण ते वेगळंच निघालं. टाकीच्या व्हेंटच्या, म्हणजे पेट्रोल कमी होईल तशी टाकीत हवा घेणाऱ्या नळीच्या तोंडात कुंभारमाशीनं चिखलाचं घर केलं होतं. टाकीचं झाकण उघडलं तर सुस्कारा ऐकू आला, त्यावरून कळलं. आता तोंडाला बारीक पितळी जाळी आहे आणि दुसरं व्हेंट वेगळ्या जागी काढलं. शेडमध्ये ठेवलेल्या विमानाचं व्हेंट दर वेळी तपासा, आठ दिवसात घर पूर्ण होते.

शेवटची टेस्ट मुद्दाम 2025 च्या नवतपात केली, दुपारी दोन वाजता, बाहेर 44. तीनशे मीटर उंचीवरच्या आमच्या पट्टीला अशा दिवशी हवा सुमारे 1,400 मीटर उंचीवरच्यासारखी विरळ असते, म्हणजे चढ मंद आणि फुल पॉवर जास्त वेळ लागणार, म्हणून इंजिनाला फुल पॉवरची जी पाच मिनिटांची मर्यादा आहे ती पूर्ण वापरली. तापवलं, पंधरा मिनिटं बंद ठेवलं, पुन्हा चालू करून फुल थ्रॉटल: सुरुवातीला 0.32, पाचव्या मिनिटाला 0.29. मग इलेक्ट्रिक पंप बंद करून नुसत्या मेकॅनिकल पंपावर, तेव्हा 0.24. बाटलीत मिनिटाला 760 मिली, फेस नाही. असे सहा दिवसात अकरा रन झाले, सगळे दुपारचे, पोरानं सगळे वहीत घेतले. चिरलेली जुनी नळी शेडमध्ये खिळ्याला टांगून ठेवली आहे, आणि नव्या नळीला बसवल्याची तारीख कोरलेला पत्र्याचा बिल्ला बांधला.